वकिलाच्या टेबलावरचा एआय : यवतमाळच्या कोर्टात त्याचं नेमकं काम काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयकर खात्याचा एक मूल्यांकन आदेश रद्द केला. केएमजी वायर्स या कंपनीच्या प्रकरणात खात्यानं ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की एआयच्या काळात सिस्टिमनं जे दाखवलं त्यावर डोळे झाकून विसंबता येणार नाही, आधी पडताळून घ्या. मग जानेवारी २०२६ मध्ये त्याच न्यायालयानं लिव्ह अँड लायसन्सच्या एका वादात पक्षकाराला ५० हजार रुपये खर्च भरायला लावला. कारण तेच, लेखी युक्तिवादात एआयनं लिहिलेला आणि कुठेही न सापडणारा निवाडा.

पहिली बातमी आली त्याच संध्याकाळी माझ्या मामांचा फोन आला. मामा दारव्ह्याला वकिली करतात, तीस वर्षं झाली.

"काहून रे बाबू, हेच का ते तुमचं एआय? आम्ही खोटा निवाडा दाखवला तं आमची सनद जाते. ह्याचं काय जाते?"

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. इंजिनीअरिंग पुसदला केलं, त्यामुळे यवतमाळ जिल्हा आणि त्यातली कोर्टं थोडीफार माहीत आहेत. मामांच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊन त्यांच्या ऑफिसात बसलो आणि बघायचं ठरवलं की वकिलाचं कारकुनी काम या तंत्रज्ञानानं खरंच कमी होतं का, आणि कुठे होत नाही. हा लेख त्यातूनच आलाय.

"लॉ फर्म" म्हणजे किती माणसं?

या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक मोठ्या फर्मबद्दल असतं. भारतात याची सुरुवात मुंबईतून झाली. २०१७ च्या जानेवारीत सिरिल अमरचंद मंगलदास या फर्मनं किरा नावाचं करार वाचणारं सॉफ्टवेअर घेतलं. एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेते तेव्हा शेकडो करार तपासावे लागतात. त्यातली ठरावीक कलमं शोधून समोर ठेवणं हे त्या सॉफ्टवेअरचं काम.

आता दारव्ह्याची फर्म बघा. एक खोली, दोन टेबलं, एक प्रिंटर. माणसं तीन : मामा, एक ज्युनिअर ताई आणि मुन्शी भाऊ. लोखंडी कपाटात लाल फडक्यात बांधलेल्या फायली. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा, कुठेही जा, थोड्याफार फरकानं हेच चित्र दिसेल. लोकनायक बापूजी अणे यवतमाळात वकिली करत होते, त्या काळातही वकिलाचा सगळा कारभार डायरीवरच चालत असणार. आजही तो डायरीवरच चालतो.

मी तीन दिवस काही न करता फक्त कोण काय करतं ते लिहून काढलं. सकाळी कोर्टाचा बोर्ड बघून आज कुठल्या पेशी आहेत ते काढणं. पक्षकारांना फोन करणं. नकलेचा अर्ज टाकणं, नक्कल तयार झाली का विचारायला पुन्हा जाणं. दस्तऐवजांची यादी करणं, पानांना नंबर देणं, स्कॅन करून ई-फायलिंगला चढवणं. पुरसिस, तारीख वाढवून मागण्याचा अर्ज, समोरच्याच्या अर्जावर 'से'. नागपूरला अपील करायचं असेल तर मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर. आणि संध्याकाळी प्रत्येक केसची पुढची तारीख डायरीत चढवणं.

तीन दिवसांत मामांनी कायद्याचं पुस्तक किती वेळ उघडलं याचाही हिशेब मी ठेवला होता. तो इथे लिहिला तर मामा रागावतील.

आधी वाईट बातमी : बऱ्याच कामाला एआय लागतच नाही

आमच्या धंद्यात आज कशालाही एआय म्हणायची पद्धत आहे. पण वरची यादी नीट बघितली तर त्यातला मोठा भाग साध्या नियमांचा आहे. नियम पक्का असेल तिथे अंदाज बांधणारं यंत्र वापरूच नये.

चेक बाउन्सचं उदाहरण घेऊ. तालुक्याच्या कोर्टात ही प्रकरणं कायम असतात. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते उलटले की एका महिन्याच्या आत तक्रार दाखल करायची.

समजा समोरच्याला नोटीस २ फेब्रुवारी २०२६ ला मिळाली. १५ दिवस १७ फेब्रुवारीला संपले, तक्रारीचं कारण १८ ला निर्माण झालं. तो दिवस सोडून कॅलेंडरप्रमाणे एक महिना मोजला की शेवटची तारीख १८ मार्च येते. हाच प्रश्न मी एका मोफत चॅटबॉटला मराठीत विचारला. त्यानं महिना म्हणजे ३० दिवस धरले आणि २० मार्च सांगितली. फेब्रुवारी २८ दिवसांचा, म्हणून दोन दिवसांचा फरक. उशीर का झाला हे पटवून दिलं तर कोर्ट तो माफ करू शकतं. पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा युक्तिवाद, आणि पक्षकाराचा वकिलावरचा विश्वास उडतो तो वेगळाच.

हेच गणित एक्सेलच्या एका सूत्रात बसतं. ते सूत्र आज जे सांगेल तेच उद्याही सांगेल. चॅटबॉटबद्दल अशी खात्री देता येत नाही.

तारखांचंही तसंच. आता प्रत्येक केसला १६ अक्षरी सीएनआर नंबर असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे कोर्टाचे, सहा आकडे केसचा अनुक्रमांक आणि शेवटचे चार आकडे वर्ष. ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपमध्ये हा नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. मुन्शी भाऊंच्या फोनमध्ये हे अ‍ॅप होतं, पण ते एकेक केस शोधून बघायचे. 'माझे खटले' या यादीत सगळ्या केस एकदाच जोडून ठेवता येतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोन संध्याकाळी बसून सगळ्या केस जोडल्या. यात एआय शून्य, आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच वाचला.

तिसरं उदाहरण भूसंपादनाचं. बेंबळा प्रकल्पासाठी बाभूळगाव भागातली जमीन गेली. मोबदला वाढवून मागणारी प्रकरणं त्यानंतर वर्षानुवर्षं चालली, विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ विरुद्ध शेतकरी अशी अपिलं नागपूर खंडपीठापर्यंत गेली. अशा प्रकरणांत मजकूर जवळपास सारखाच असतो. बदलतं ते शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, झाडं आणि विहीर. एक नमुना आणि एक तक्ता केला की वर्डमधल्या मेल मर्जनं चाळीस अर्ज तयार होतात. ही सोय गेली कित्येक वर्षं प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये पडून आहे.

अकरा दिवस

या विषयात माझा थोडा स्वार्थही आहे, तो सांगून टाकतो.

माझ्या आजोबांची, म्हणजे मामांच्या वडिलांची जमीन एका प्रकल्पात गेली होती. सरकारनं दिला तो मोबदला आजोबांनी घेतला आणि कोर्टात गेले नाहीत. शेजारचे काही शेतकरी गेले. काही वर्षांनी कोर्टानं त्यांचा मोबदला वाढवला.

इथे १८९४ च्या भूसंपादन कायद्यातलं कलम २८-अ लागू होतं. एकाच अधिसूचनेखाली जमीन गेली असेल आणि एका शेतकऱ्याला कोर्टानं वाढीव मोबदला दिला, तर जो कोर्टात गेलाच नव्हता तोही त्याच दरानं मागू शकतो. अट एकच, कोर्टाच्या त्या निवाड्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा. निवाड्याची नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. २०१३ च्या नव्या कायद्यात अशीच तरतूद कलम ७३ मध्ये आहे.

आमचा अर्ज अकरा दिवस उशिरा गेला. मामांना कायदा तोंडपाठ होता. पण शेजाऱ्यांचा वकील दुसरा होता आणि निकाल लागल्याचं मामांना कळलं तेच एका लग्नात, मुदत उलटून गेल्यावर. घरात वकील असून घरच्या जमिनीचा अर्ज राहिला, यावर मामा आजही बोलत नाहीत. आजोबा गेले तेव्हा माझी आई एवढंच म्हणाली की दादाच्या मनातून ते अकरा दिवस जाणार नाहीत.

म्हणून "वकिलांचं प्रशासकीय काम" हे शब्द मला कोरडे वाटत नाहीत. खेड्यातल्या माणसाचा हक्क अनेकदा कायद्याच्या मुद्द्यावर जात नाही, असल्याच एखाद्या कारकुनी कामात जातो.

मग एआय खरंच कुठे कामाला येतं?

माझ्या मते सध्या तीन ठिकाणी.

पहिलं, कागद वाचणं. स्कॅन केलेला कागद कॉम्प्युटरसाठी फक्त चित्र असतो. त्यातली अक्षरं ओळखण्याच्या तंत्राला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं. हस्ताक्षरात ते अडखळतं, तिथे नवी एआय मॉडेल्स पुढे आहेत. मात्र विदर्भातल्या ऑफिसांत एक खास अडचण आहे ती कृतिदेवची. जुने अर्ज, जबाब कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. पडद्यावर ते मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. असा मजकूर थेट एआयला दिला तर ते काहीही बोलतं. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, आणि त्यासाठीचे कन्व्हर्टर मोफत मिळतात.

दुसरं, भाषांतराचा कच्चा खर्डा. १९९८ पासून महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. त्यामुळे दारव्ह्याची केस नागपूरला गेली की वाटेत तिची भाषा बदलते. सातबारा, फेरफार, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, सगळ्याचं इंग्रजी करावं लागतं. हे काम ज्युनिअर ताई रात्री बसून करायच्या. आता खर्डा मशीन करतं, ताई तपासतात. आयआयटी मद्रासच्या एआय४भारतचं इंडिकट्रान्स२ हे मोफत मॉडेल आहे, केंद्र सरकारची भाषिणी सेवाही आहे.

तिसरं, घटनाक्रम काढणं. दोनशे पानांच्या फायलीतून कुठल्या तारखेला काय झालं याचा तक्ता, प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांकासह. पान क्रमांक हवाच. तो असला की माणूस उघडून खात्री करू शकतो. तो नसला तर तक्ता कितीही देखणा असो, त्याच्या भरवशावर कोर्टात उभं राहता येत नाही.

पोट खराब आणि उद्याची पेशी

आता गंमत. खरं तर गंमत नाही.

एका सातबाऱ्याचं भाषांतर मी मशीनकडून करून घेतलं. सातबाऱ्यावर 'पोटखराब' असं क्षेत्र लिहिलेलं असतं, म्हणजे गटातली लागवडीला न येणारी जमीन. मशीननं त्याचं इंग्रजीत 'अपसेट स्टमक' करून टाकलं. ताई हसून लोटपोट झाल्या. 'गाव नमुना'चं 'व्हिलेज सॅम्पल' झालं. मामांनी पक्षकाराला पाठवलेला "उद्या पेशी आहे" हा मेसेज टाकून बघितला, तर उद्या शरीरातली 'सेल' आहे असं उत्तर आलं.

या चुका डोळ्यांत भरतात म्हणून कमी धोक्याच्या. खरी भीती न दिसणाऱ्या चुकांची. 'कूळ' म्हणजे जमीन कसणारा कुळकायद्यातला माणूस, मशीननं त्याचं घराणं केलं. वाक्य वाचायला ठीक, कायद्यात अर्थ पार उलटा. 'फेरफार' म्हणजे अधिकार अभिलेखातली नोंद, पण रोजच्या मराठीत फेरफार करणं म्हणजे गडबड करणंही होतं. एका ठिकाणी मशीननं 'टँपरिंग' लिहिलं. म्हणजे तलाठ्यानं घेतलेली कायदेशीर नोंद इंग्रजीत चक्क खाडाखोड झाली. आणि एका हस्तलिखित नोंदीतला ४७/२ हा गट ४१/२ असा वाचला गेला. ७ आणि १ मधली ती चूक मुन्शी भाऊंनी पकडली, कारण ४१ गट कुणाचा हे त्यांना माहीत होतं. हे ज्ञान कुठल्याही मॉडेलमध्ये नाही.

यावर आम्ही एक साधा उपाय केला. कोर्टातल्या आणि महसुलातल्या शब्दांची यादी केली आणि प्रत्येकासमोर ठरलेलं इंग्रजी लिहिलं. पोटखराब, कूळ, फेरफार, आणेवारी, निशाणी, दरखास्त, पुरसिस असे शब्द. ही यादी दरवेळी सूचनेसोबत मॉडेलला द्यायची. चुका पुष्कळ कमी झाल्या. आकडे आणि नावं मात्र अजूनही माणूसच मूळ कागदाशी ताडून बघतो, अपवाद नाही.

खोटे निवाडे येतात कुठून?

मामांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. चॅटबॉट खोटं का बोलतो?

तो खोटं बोलत नाही, कारण खरं काय हे त्याला ठाऊकच नसतं. भाषा-मॉडेल पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज बांधतं. त्यानं हजारो निवाड्यांची नावं बघितलेली असतात : अमुक विरुद्ध तमुक, वर्ष, खंड, पान. या घाटात बसणारं नवं नाव तयार करणं त्याला सोपं जातं. गोंधळात खरं आणि बनावट वेगळं करायला त्याच्याकडे रजिस्टर नसतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात माटा विरुद्ध एव्हियांका या केसमध्ये हेच झालं आणि दंड म्हणून ५ हजार डॉलर भरावे लागले. तिथल्या वकिलानं चॅटबॉटलाच विचारलं होतं की हे निवाडे खरे आहेत ना, आणि तो हो म्हणाला होता.

आपल्याकडे आणखी एक खड्डा आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. आयपीसीचं ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३ झालं, ४२० चं ३१८. यात सगळ्यात घातक आकडा ४८२. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला लोक त्याखाली जायचे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ ला. मॉडेलनं शिकताना वाचलेल्या मजकुरात जुना कायदा कित्येक पटींनी जास्त आहे. त्यामुळे आकडा तोच आणि अर्थ वेगळा अशा जागी ते हमखास घसरतं.

म्हणून नियम असा ठरला : निवाडा चॅटबॉटला विचारायचाच नाही. तो न्यायालयाच्या संकेतस्थळावर किंवा विकत घेतलेल्या डेटाबेसमध्ये शोधायचा आणि पूर्ण उघडून वाचायचा. उघडला नाही तर तो आपल्यासाठी नाहीच.

पक्षकाराचं गुपित

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ वकिलाला पक्षकाराची गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई करतं. आता विचार करा, पक्षकाराची अख्खी फाइल तुम्ही एका मोफत चॅटबॉटमध्ये चढवली. ती परदेशातल्या सर्व्हरवर गेली. काही मोफत सेवांमध्ये सेटिंग बंद केलं नसेल तर तुमचा मजकूर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणाला वापरला जाऊ शकतो. पक्षकाराला हे विचारलं होतं का?

दारव्ह्यासारख्या गावात तर सगळे सगळ्यांना ओळखतात. घटस्फोटाचे कागद, भावाभावांच्या वाटणीचे कागद, लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव, जे उघड करायला कायद्यानंच बंदी आहे. आम्ही असे कागद ऑनलाइन सेवेत टाकायचेच नाहीत असं ठरवलं. ओसीआर आणि भाषांतर लॅपटॉपवरच चालतं, इंटरनेट बंद ठेवून. ते हळू चालतं, पण ऑफिसबाहेर काही जात नाही. बाकी कामाला ऑनलाइन सेवा वापरायची असेल तर नाव, गाव, गट नंबर काढून मगच.

केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआयचं धोरण काढलं, त्याची दिशाही हीच आहे. निष्कर्ष किंवा निकाल काढायला एआय वापरायचं नाही, मंजूर झालेलीच साधनं वापरायची, भाषांतर माणसानं तपासायचं. ते धोरण न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांसाठी आहे, वकिलांसाठी नाही. पण आपल्या वकील संघानं एका पानाचे असेच नियम करून भिंतीवर लावले तर बिघडलं कुठे?

सरकारचा पैसा कुठे चाललाय?

न्यायालयांत एआय आणण्याची चर्चा आपल्याकडे नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाचं भाषांतराचं 'सुवास' २०१९ मध्ये आलं. 'सुपेस' हे न्यायाधीशांना कागदपत्रांतली माहिती शोधून देणारं साधन ६ एप्रिल २०२१ ला सुरू झालं. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे मूळचे नागपूरचे, नागपूर खंडपीठातच वकिली केलेले. निर्णय यंत्र घेणार नाही, ही भूमिका तेव्हाही स्पष्ट होती. २१ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात सुनावणीचं एआयनं थेट लिप्यंतर पहिल्यांदा झालं, तेही महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या खटल्यात.

ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यात एआय, ब्लॉकचेन वगैरे भविष्यातल्या तंत्रज्ञानासाठी ५३.५७ कोटी आहेत. जुने कागद स्कॅन करून जपण्यासाठी २,०३८.४० कोटी, म्हणजे सुमारे ३८ पट. काहींना हे उलटं वाटेल. मला हे प्रमाण बरोबर वाटतं. कागद नीट स्कॅन झालेला नसेल, नावं धड टाकलेली नसतील, तर वर कितीही हुशार मॉडेल बसवा, ते कचराच चघळेल.

एक गैरसमजही दूर करायला हवा. वकिलाचं कारकुनी काम कमी झालं म्हणून खटले लवकर निकाली निघतील असं नाही. देशात जिल्हा आणि तालुका न्यायालयांत ४ कोटींहून जास्त प्रकरणं प्रलंबित आहेत. रिकाम्या जागा, साक्षीदार न येणं, तारखा वाढवून मागणं ही दुखणी लॅपटॉपनं बरी होणारी नाहीत. उलट अर्ज लिहिणं सोपं झालं की अर्ज वाढतील, ही भीतीही खरी आहे.

आणि मुन्शी भाऊ?

हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मीच भाऊंना विचारला की तुम्हाला काय वाटतं.

ते म्हणाले, "मले पयले वाटलं, आता आपली सुट्टी. पण ह्याले तं ४७ अन् ४१ कळत नाही."

हे उत्तर ऐकून बरं वाटतं, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ते पूर्ण नाही. भाऊंकडे पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणून ते तपासणारे झाले. उद्या नवीन मुलगा किंवा नवीन ज्युनिअर आली तर ती शिकणार कशी? ताई म्हणाल्या की रात्री जागून केलेल्या भाषांतरांनीच मला सातबारा वाचायला शिकवलं. ते काम मशीननं केलं तर तपासण्याची नजर तयार कुठून होणार? याला माझ्याकडे उत्तर नाही. मामांनी त्यांच्यापुरता तोडगा काढलाय : नवीन माणसानं पहिले सहा महिने सगळं हातानं करायचं.

शेवटी काय उरलं?

दिवाळीनंतर मी पुण्याला परतलो. ऑफिसात आता चार गोष्टी चालू आहेत. अ‍ॅपमध्ये सगळ्या केसची यादी, मुदती मोजणारा एक्सेलचा तक्ता, शब्दसूची लावलेला भाषांतराचा खर्डा, आणि चौथी मी माझ्यासाठी केली.

मामांच्या पक्षकारांपैकी ज्यांची जमीन कुठल्याही प्रकल्पात गेलीय त्यांचा एक तक्ता केला : गाव, गट, प्रकल्प, अधिसूचनेची तारीख, आणि ते कोर्टात गेलेत की नाही. भाऊ दर शनिवारी भूसंपादनाचे नवे निवाडे उतरवून एका फोल्डरमध्ये टाकतात. निवाड्यात अधिसूचनेचा उल्लेख प्रत्येक न्यायाधीश वेगळ्या तऱ्हेनं करतो, कधी आकड्यात, कधी अक्षरात, कधी नुसतं प्रकल्पाचं नाव. तो वेचून काढणं साध्या नियमात बसत नाही, म्हणून हे काम एआयला दिलं. जुळलं की ते पान दाखवतं. तीन महिने मात्र एक्सेल मोजतं. निवाडा उघडून खात्री ताई करतात, पक्षकाराला फोन मामा करतात.

जानेवारीत एक जुळलं. बाभूळगावकडचे एक काका, ज्यांनी कधी कोर्टाची पायरी चढली नव्हती. मुदतीचे अजून ५२ दिवस शिल्लक होते. अर्ज गेलाय, निकाल काय लागेल तो लागो.

मामांनी त्या रात्री फोन केला. मशीनचं कौतुक वगैरे काही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "बाबू, ह्यानं एखादा निवाडा पाहिलाच नाही, सुटला, तं आपल्याले कसं कळन?"

मी म्हटलं, कळणार नाही मामा. म्हणून भाऊंचं शनिवारचं रजिस्टर बंद करू नका.